नानीच्या कवितेत संदेश शोधणाऱ्यांना

उर्दू शाळांमधल्या काव्यस्पर्धांच्या विषयांची यादी मला झोपेतून उठवून विचारलीत तरी सांगता येईल. इल्म की अहमियत, माँ की ममता, प्यारा वतन, पानी बचाओ, दरख्त लगाओ, वक्त की पाबंदी. स्पर्धा मराठीची असली तर हीच यादी भाषांतर होऊन येते. ज्ञानाचे महत्त्व, आईची माया, माझा देश, पाणी वाचवा, झाडे लावा, वेळेचे मोल. वीस वर्षं मी उर्दू माध्यमाच्या मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते आहे. या काळात यादीत भर पडलेली मला आठवते ती एकाच विषयाची, कोरोनाच्या वर्षी. मास्क लावा.

झाडं लावायला माझी ना नाही. मास्कलाही नव्हती. पण या यादीत एकही विषय असा नाही, ज्यावर दहा-अकरा वर्षांचं मूल आपण होऊन दोन वाक्यं बोलेल. मग काय होतं? कविता अब्बा लिहितात, मामू लिहितात, नाहीतर आम्ही शिक्षक लिहितो. हल्ली मोबाइलला सांगितलं की तोही लिहून देतो, आणि खरं सांगायचं तर या विषयांवर तो आमच्यापेक्षा वाईट लिहीत नाही. मूल ती पाठ करतं, हातवारे बसवून घेतं, मंचावर डोळे मोठे करून म्हणतं, टाळ्या पडतात. तेच मूल घरी येऊन बहिणीला चिडवायला दोन ओळी जुळवतं, गल्लीतल्या दुकानदाराची नक्कल यमकात करतं, आणि सगळं घर खो-खो हसतं. त्या दोन ओळींना कविता कुणी म्हणत नाही. उलट एखादे बुजुर्ग दटावतात, "बस हो गई मसखरी, अब पढ़ने बैठो."

माझं म्हणणं सरळ आहे. मुलांना कविता लिहायला शिकवायची असेल तर सुरुवात विनोदी, यमकाच्या कवितेपासून करा. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवण्याचा याहून चांगला रस्ता मला तरी सापडलेला नाही. आणि जे याला पोरखेळ म्हणतात त्यांच्याशी मला आज भांडायचं आहे.

आधी एक कविता वाचा. आमच्या सहावीतल्या एका मुलीची आहे. घरी ती दखनी बोलते, शाळेत उर्दूत शिकते. मराठी तिला भेटते ती माझ्या तासाला आणि बाजारात.

नानीला आणला मोबाइल नवा,
नानी विचारते, "कुठे याचा दिवा?"
मामूचा चेहरा दिसला आत,
नानीनं पुढे केला भात.
"जेव रे बाळा, झालास बारीक,
दुबईत तुला मिळते का खारीक?"
मामू म्हणाला, "रेंज गेली."
नानी म्हणाली, "ती कुठे मेली?"

तालुक्याच्या एका स्पर्धेत तिने ही म्हटली. परीक्षक हसले. मी समोरच बसले होते, तिघेही हसले. मग गुण द्यायची वेळ आली तसे गंभीर झाले. एकांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "टीचर, कविता छान आहे हो, पण संदेश काय?" दुसऱ्यांनी तर उपायही सुचवला. शेवटी दोन ओळी जोडा, मोबाइलचे दुष्परिणाम, किंवा मग आईवडिलांची सेवा. पहिलं बक्षीस ज्या कवितेला गेलं ती ज्ञानाच्या दिव्यावर होती, आणि तीन वर्षांपूर्वी त्याच मंचावर दुसऱ्या एका मुलाच्या तोंडून मी ती ऐकलेली होती.

मला त्या परीक्षकांचा राग आला, अजूनही आहे. ज्यांच्या घरातलं कुणी आखातात कामाला आहे त्यांना या आठ ओळींत काय आहे ते समजावून सांगावं लागत नाही. फोनमधल्या मुलापुढे भाताचं ताट धरणारी बाई आपल्या मोहल्ल्यात गल्लोगल्ली आहे. खजुरांच्या मुलुखात गेलेल्या पोराला खारीक मिळते का, हे विचारणारीही तीच. आणि शेवटची ओळ बघा. 'रेंज गेली' या शब्दांत स्त्रीलिंग आहे हे त्या मुलीला कळलं, म्हणून नानीला ती रेंज कुणी बाई वाटू शकली. मराठीत 'मेली' हा शब्द मरणाशिवायही वापरतात, लाडाने, त्राग्याने, हे तिला कळलं. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे? मी शिकवलेलं नाही. भाजीवालीकडून, शेजारणीकडून तिने उचललं आणि बरोब्बर जागेवर ठेवलं. कृतिपत्रिकेत हा प्रश्न आला असता तर तिला एक गुण मिळाला असता. कवितेत तिने विचारता आपण होऊन केलं, तर आपण विचारतो, संदेश काय?

संदेशाचा हा हट्ट येतो कुठून? माझ्या मते दोन बाजूंनी येतो, आणि आमचं मूल मधे सापडतं.

एक बाजू आपली. नसीहतीची. मुलासाठी लिहायचं म्हणजे त्याला काहीतरी सांगायचं, वळण लावायचं, ही सवय उर्दूत जुनी आहे. इस्माईल मेरठींची पाठ्यपुस्तकं वाचून आपल्या चार पिढ्या उर्दू वाचायला शिकल्या, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण मेरठींच्या कवितेत गाय असते, पाऊस असतो, पाणचक्की असते. त्यांची नसीहत डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीतून येते. त्यांच्या नावावर आपण जे चालवतो त्यात फक्त नसीहत उरली आहे, गाय केव्हाच निघून गेली.

दुसरी बाजू बाहेरची, आणि तिच्याबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला, तालुक्याच्या स्नेहसंमेलनाला उर्दू शाळेच्या मुलांनी काय सादर करायचं हे न सांगता ठरलेलं असतं. वतन, नाहीतर भाईचारा. मंचावर इतर शाळांची मुलं कोळीनृत्य करतात, शेतकऱ्याचं गाणं म्हणतात, बंड्या-गंप्याची नाटुकली करून लोकांना लोळवतात. आमची मुलं हात छातीवर ठेवून ग्वाही देतात. मला देशावरच्या कवितेचं वावडं नाही, माझ्या मुलांना आपला देश आवडतो. पण प्रत्येक वेळी तेच? दहा वर्षांच्या पोराने दर मंचावर आपलं प्रशस्तिपत्र दाखवतच चढायचं? टवाळी करायला माणूस घरात बसलेला लागतो. पाहुणा जपून बोलतो, चांगलं-चांगलं बोलतो, यजमानाच्या पडद्यांची तारीफ करतो. आमच्या मुलांची मराठी अशी कायमची पाहुण्याची मराठी होऊन बसली आहे. शुद्ध, आदबशीर आणि कंटाळवाणी. "तुमच्या मुलांचं मराठी किती छान आहे हो!" असं कौतुक होतं तेव्हा मला बरं वाटत नाही. नानीची कविता ऐकून हसता-हसता कुणी म्हणालं असतं, "ही पोरगी भलतीच आगाऊ आहे", तर बरं वाटलं असतं.

आता शाळेच्या आतल्या लोकांकडे वळते. बीएडला आम्ही कवितेच्या पाठाचं टाचण लिहायला शिकलो. उद्दिष्टं, प्रस्तावना, आदर्श वाचन, कठीण शब्द, रसग्रहण, मूल्य. कविता लिहायची कशी हे त्या वर्षात कुणी शिकवलं नाही. वर्गातही यमक येतं ते प्रश्न म्हणून, 'यमक जुळणाऱ्या शब्दांच्या जोड्या लिहा'. मूल कवितेतून दोन शब्द उचलून खाली ठेवतं, संपलं. हे म्हणजे पोहायला शिकवताना पाण्याचा रंग विचारण्यासारखं आहे.

आणि जे थोडे पुढारलेले आहेत त्यांचं वेगळंच. एका प्रशिक्षणात तज्ज्ञ मार्गदर्शकांनी आम्हाला सांगितलं, यमकाचा आग्रह धरू नका, त्याने मुलांची कल्पनाशक्ती मारली जाते, मुलांना मुक्त लिहू द्या. ऐकायला छान आहे. वर्गात करून बघा. कोरा कागद द्या आणि सांगा, मुक्त लिहा. चाळीसपैकी पस्तीस कागदांवर येईल, झाड हिरवे आहे, ते आपल्याला सावली देते. मुक्त सोडलेलं मूल सगळ्यात आधी पाठ केलेल्या वाक्याकडेच धावतं. यमक त्याला तिथे जाऊ देत नाही. ते त्याची वाट अडवतं, म्हणून त्याला दुसरीकडून जावं लागतं. उर्दूत एखाद्याची कोंडी झाली की म्हणतात, काफिया तंग झाला. मुलांचा काफिया थोडा तंग करावाच लागतो.

आमच्या वर्गातलं उदाहरण सांगते. मी फळ्यावर गावांची नावं लिहिते आणि म्हणते, या गावच्या एका माणसाची फजिती सांगा. ही युक्ती माझी नाही. एडवर्ड लिअर नावाच्या इंग्रज चित्रकाराने १८४६ साली अशाच कवितांचं पुस्तक काढलं, त्यात कितीतरी ठिकाणी पहिल्या ओळीत कुठल्यातरी गावचा एक म्हातारा किंवा म्हातारी येते आणि पाच ओळींत तिची गंमत होते. हा लिअर पुढे १८७३ ते १८७५ हिंदुस्थानात चित्रं काढत फिरला, आणि स्वातच्या अखुंद साहेबांच्या नुसत्या नावाची गंमत वाटून त्यावर एक अख्खी कविता लिहून मोकळा झाला. आपल्याकडे मंगेश पाडगावकरांनी त्या घाटाला मराठीत आणून 'वात्रटिका' असं झकास नाव दिलं. तर गाव होतं भिवंडी. मुलांनी आधी शब्द गोळा केले. थंडी, अंडी, बंडी, मंडी, झेंडी, खंडी. मग पहिली ओळ आली, 'भिवंडीच्या मामूंना लागली थंडी'. मी म्हटलं, मराठीत थंडी वाजते. वर्गात हसू फुटलं. "टीचर, वाजते? घंटीसारखी?" हो, वाजते, दात वाजतात ना, तशी. त्या दिवसानंतर त्या वर्गात कुणीही 'थंडी लागली' लिहिलेलं नाही. दुसऱ्या ओळीत एकाने मामूंना 'सात बंडी' घातल्या. दुसरी म्हणाली, सात बंड्या होतील. होतील खऱ्या, पण मग यमक जातं. पंधरा मिनिटं वर्ग अडला. व्याकरण सोडायचं की यमक? शेवटी मागच्या बाकावरून उत्तर आलं, सातवी! आणि कविता अशी झाली:

भिवंडीच्या मामूंना वाजली थंडी,
एकावर एक चढली सातवी बंडी,
शिंक आली झकास,
बटणं उडाली पन्नास,
मामू आता शोधतात बटणांची मंडी.

अनेकवचन शिकवायला मी तक्ते केले आहेत, रंगीत खडू झिजवले आहेत. 'बंडी-बंड्या' जसं त्या दिवशी शिकलं गेलं तसं कधी शिकवता आलं नव्हतं. आणि बटणांची मंडी कुणाच्या कल्पनाशक्तीतून आली? कुणाच्याच नाही. 'थंडी'ने ती आणली. यमकाने कल्पनाशक्ती मरते म्हणणाऱ्यांनी मला मुक्तछंदात बटणांची मंडी आणून दाखवावी.

उर्दूच्या कानाला मराठीत सगळ्यात जड जातो तो ळ. आमच्या मुलांसाठी 'बाळ'चा 'बाल' होतो, 'केळी'ची 'केली' होते, आणि त्यावर बाहेर ती हसली जातात. उच्चाराचे तास घेऊन हे सुटत नाही. यमकाने सुटतं, कारण तिथे हिशेब चुकतो. मुलं 'भेळ'ला यमक म्हणून 'तेल' आणतात. त्यांच्या तोंडात ते 'भेल-तेल' असतं, जुळतंच. मी म्हणते, काफिया तुटला. आता ऐका, भेळ, वेळ, खेळ, मेळ. यात तेल बसतंय का? दोन-तीनदा मोठ्याने म्हटलं की त्यांनाच खुपायला लागतं. मग मुंगीने शाळेबाहेर भेळेची गाडी लावली:

घंटा म्हणाली, झाली वेळ,
मुंगीनं कालवली आंबट भेळ,
हत्ती म्हणाला, "अजून वाढ!"
मुंगी म्हणाली, "उधारीचा मेळ?"

आमची मुलं काफियाला अनोळखी नाहीत, हे मराठीच्या शिक्षकांनी लक्षात ठेवायला हवं. नात ऐकून, कव्वाली ऐकून, गल्लीतल्या मुशायऱ्यात उशिरापर्यंत जागून त्यांचा कान तयार झालेला असतो. फक्त त्यांना कुणी सांगत नाही की हाच कान मराठीत चालतो. मी रदीफ देते, काफिया त्यांनी आणायचा. एकदा रदीफ दिली होती 'गेली कुठे?' पहिलाच शेर असा आला:

मशिदीच्या दारातून माझी चप्पल गेली कुठे?
शोधून शोधून थकलो, आता अक्कल गेली कुठे?

वर्ग कोसळला, कारण जुम्म्याला हे प्रत्येकाच्या घरी झालेलं आहे. मग 'शक्कल' आली. मग एकजण 'टक्कल' घेऊन आला आणि अडकला. टक्कल गेली? टक्कल गेला? टक्कल नपुंसकलिंगी, टक्कल गेलं. रदीफ मोडली. उर्दूत दोनच लिंगं असतात, त्यामुळे मराठीचं तिसरं लिंग आमच्या मुलांना वर्षानुवर्षं भुतासारखं छळतं. माझा पुस्तक, माझी घर. त्या टकलाने त्यांना जे शिकवलं ते मी परीक्षेच्या भीतीने शिकवू शकले नव्हते.

घरची भाषा हा आणखी एक मुद्दा. मराठवाड्यात आमची मुलं दखनी बोलतात. उर्दूच्या तासाला त्यांना 'नक्को' म्हटलं म्हणून बोलणी बसतात, मराठीच्या तासाला 'बाल' म्हटलं म्हणून. म्हणजे दोन्ही तासांना ती चुकीचीच. पण तो 'नक्को' मराठीच्या 'नको'तूनच गेलेला आहे ना? 'मैंच बोल्या' मधला तो ठासून सांगणारा 'च' मराठीचाच आहे. शेकडो वर्षं या दोन भाषा एका विहिरीवर पाणी भरत आल्या आहेत. आणि दखनीची ओळख कशासाठी आहे? विनोदी शायरीसाठी! गुलबर्ग्याच्या सुलेमान खतीबांचा 'केवडे का बन' ज्यांनी वाचला किंवा मुशायऱ्यात कुणाच्या तोंडून ऐकला आहे त्यांना हे सांगायला नको. हसवता-हसवता घशात आवंढा आणणारी ती शायरी साहित्यिक उर्दूत झालीच नसती. ज्या मुलाच्या घरी ही भाषा फुकट मिळते त्याला आपण गप्प बसवतो आणि ज्ञानाचा दिवा हातात देतो.

विनोद म्हणजे हलकं काम, हा आक्षेपही जुना आहे. नजीर अकबराबादींनी काकडीवर, तिळाच्या लाडवांवर, अस्वलाच्या पिल्लावर नज्मा लिहिल्या. पेशाने ते मुलांना शिकवणारे, म्हणजे आमच्याच धंद्यातले. त्यांच्या काळच्या जाणकारांनी त्यांना बाजारू ठरवून शायरांच्या पंगतीत बसूही दिलं नाही. आज त्या जाणकारांना कोण वाचतं? अकबर इलाहाबादी इंग्रजांच्या कोर्टात जज्ज होते आणि इंग्रजी शब्दांचेच काफिये करून इंग्रजीच्या मागे धावणाऱ्यांची टर उडवत होते. इकडे मराठीत आचार्य अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' काढून भल्याभल्या कवींची खोड मोडली, आणि विंदा करंदीकरांसारखा ज्ञानपीठ मिळालेला कवी मुलांसाठी वेडगळ कवितांची पुस्तकंच्या पुस्तकं लिहीत राहिला. त्यांना कुणी विचारलं नाही, संदेश काय.

आणखी एक नाव घेते, ते आमच्या शेजारचं. पैठणच्या एकनाथांचं 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड. सोळाव्या शतकात एक हिंदू आणि एक मुसलमान पद्यात समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या चालीरीतींची यथेच्छ खिल्ली उडवतात, आणि शेवटी गळ्यात गळे घालतात. भाईचाऱ्यावर आमच्या मुलांकडून कविता घोकून घेणाऱ्यांनी हे भारूड एकदा मुळातून वाचावं. तिथे आधी भांडण आहे, टिंगल आहे, मग मिठी आहे. आपण थेट मिठीपासून सुरुवात करतो, म्हणून ती फोटोपुरती राहते.

काही पालक माझ्याकडे दीनचा मुद्दा घेऊन येतात. शायरी आपल्याकडे पसंत केलेली नाही, आणि हसणं-खिदळणं तर नाहीच. सूरह शुअरामधल्या आयतींचा हवाला देतात. मी त्यांना अदबीने सांगते की त्या सूरहची शेवटची आयतही वाचा, त्यात ईमान राखणाऱ्यांना, नेक काम करणाऱ्यांना वेगळं काढलेलं आहे. आणि मग अबू उमैरची गोष्ट सांगते. हजरत अनस यांचा हा धाकटा भाऊ, लहानसा मुलगा. त्याच्याकडे खेळायला एक इवलासा पक्षी होता, नुगैर. एकदा प्रेषितांनी (स.) त्याला खेळीमेळीत विचारलं, तुझ्या नुगैरचं काय झालं? पण विचारलं कसं, तर त्याच्या नावाशी काफिया जुळवून. उमैर, नुगैर. हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. अबू दाऊदमध्ये तपशील येतो की पक्षी मेला होता आणि मूल उदास बसलं होतं. उदास मुलाशी बोलताना अल्लाहच्या रसूलांनी यमक जुळवलं, आणि आम्ही सहावीच्या वर्गात ते जुळवायचं नाही? आजवर यावर मला कुणी उलट उत्तर दिलेलं नाही. चहा घेऊन गेले आहेत बरेच.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते, कारण तो खरा आहे. मुलांना हसवायला सांगितलं की ती सगळ्यात आधी दुबळ्यावर हसतात. जाड्या, काळ्या, तोतरा, चष्मिश. माझ्याच वर्गात एका मुलाने अडखळत बोलणाऱ्या आपल्या सोबत्यावर चार ओळी केल्या होत्या. यमक चोख होतं. वर्ग हसायला लागला आणि तो सोबती बाकाखाली पेन्सिल शोधायला लागला, जी पडलेलीच नव्हती. मी ती कविता थांबवली. पण उपदेश केला नाही, काम दिलं. म्हटलं, यमक तेच ठेव, माणूस बदल. तुझ्यावर कर, नाहीतर माझ्यावर कर. त्याने माझ्यावर केली. माझ्या पर्समध्ये खडू, बाम, तीन चाव्या आणि कालची भाकरी सापडते अशी ती कविता होती. भाकरीची गोष्ट खोटी आहे, बाकी सगळं खरं. आमच्या वर्गात आता हा नियम झाला आहे. जो उलट बोलू शकत नाही त्याच्यावर कविता नाही. टीचर चालतात, हेडमास्तर चालतात (त्यांना माहीत आहे), पाण्याची टाकी चालते, एसटी चालते, एसटी तर फारच चालते.

हा नियम मुलं सहज पाळतात. मोठ्यांनाच जमत नाही. आपल्या मुशायऱ्यांमध्ये विनोदी शायर आला की अर्ध्या शायरीत बायको असते. बेगम जाडी, बेगम कजाग, बेगम मायके गेली की ईद. कविसंमेलनांत तेच, फक्त बेगमच्या जागी सौ. पडद्याआड बसलेल्या बायकांनी हे कित्येक वर्षं ऐकून घेतलं आहे. विनोद हलका वाटतो तो यामुळे, मुलांमुळे नव्हे. माझ्या वर्गात मुलीच जास्त चांगल्या विनोदी कविता करतात, हे मी हिशेब ठेवून सांगते. त्यातल्या एकीला उद्या मुशायऱ्याच्या मंचावर माइक मिळाला तर शौहर मंडळींनी तयार राहावं.

वेळ कुठे आहे, हाही प्रश्न येतो. अभ्यासक्रम पुरा व्हायचा असतो, तपासणी असते, केंद्रप्रमुख वह्या बघतात. माझं गणित असं आहे. आठवड्याला एक तास. त्यातली पहिली दहा मिनिटं नुसते शब्द गोळा करायचे, मोठ्याने, फळ्यावर. मग चौघाचौघांचे गट, कारण एकट्याने हसू येत नाही. कवितेला घरचा अभ्यास म्हणून कधीही पाठवायचं नाही, नाहीतर मामू लिहितात. शिक्षकाने ओळ दुरुस्त करायची नाही, फक्त वाचून दाखवायची. जिथे अडखळलं तिथे मुलं स्वतःच ओरडतात. आणि शेवटी कुणी काही शिकलं का, असं विचारायचं नाही. अनेकवचन, लिंग, ळ, वाक्प्रचार, एवढं सगळं त्या एका तासात वसूल होतं. वह्याच बघायच्या असतील तर केंद्रप्रमुखांना मी तीच वही दाखवते. मागच्या वेळी त्यांनी मुंगीची भेळ दोनदा वाचली आणि सही केली.

या वर्षी आमच्या शाळेचं हस्तलिखित निघणार आहे, निम्मं उर्दू, निम्मं मराठी, उजवीकडून उघडलं तर एक आणि डावीकडून उघडलं तर दुसरं. मधे दोन्ही लिप्या जिथे भेटतात ते पान नानीच्या कवितेला ठेवलं आहे. तालुक्याच्या स्पर्धेचा विषय यंदाही आला आहे, 'ज्ञान हीच संपत्ती'. आमच्याकडून पाच प्रवेशिका जातील, पाचही विनोदी, आणि एकीतही शेवटी दोन ओळी जोडलेल्या नसतील. बक्षीस द्या न द्या, परीक्षकांनी हसू दाबायचं नाही एवढीच विनंती मी पत्रात लिहिली आहे.

त्यातली पाचवी कविता अजून पुरी झालेली नाही. औंढ्याच्या एका पहिलवानाची फजिती आहे आणि सहावीचा वर्ग 'औंढा'पाशी अडला आहे. 'धोंडा' कुणीतरी आणला होता, पण ड आणि ढ जुळत नाहीत म्हणून मुलांनीच तो परत पाठवला. एका मुलीने 'लोंढा' आणला आहे. तो चालेल असं ठरलं, पण औंढ्यात लोंढा कशाचा सोडायचा यावर दोन दिवस वाद सुरू आहे. निम्मा वर्ग म्हशींच्या बाजूने आहे, निम्मा वऱ्हाडाच्या.